तीन मिनिटांचं कीर्तन

या, असे जवळ सरका. खांबाला टेकून बसलात तरी चालेल, पण मधे अंतर ठेवू नका. मला मोठ्यानं बोलवत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. एका माणसाची आणि तीन मिनिटांची गोष्ट आहे. देवाच्या दयेनं मी त्या वेळी तिथंच, स्टेजवर, हातात टाळ घेऊन उभा होतो. त्यामुळं ऐकीव काही नाही. पाहिलं तेवढंच सांगतो.

मी आनंदराव. वेल्ह्याच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. दिवसभर मशीन आणि कीर्तन असेल तेव्हा टाळ, एवढाच माझा संसार म्हणा. तालुक्यात कुठंही कीर्तन असलं की एक माणूस मला हमखास भेटायचा. पासलीच्या वर डोंगरात धनगरवस्ती आहे, तिथले गेनूबा. अकरा म्हशी, डोक्याला मळका पटका, वय सत्तरीच्या पुढं. दूध घालून झालं की तसेच किटल्या घेऊन कीर्तनाला. बसायची जागा ठरलेली, मृदंगाच्या समोर, पहिली रांग. एक शब्द सांडू द्यायचे नाहीत.

दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं की गेनूबा बसताना मान वाकडी करतात, उजवा कान पुढं काढून. मग एका रात्री कीर्तन सुटल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आनंदराव, टाळ हालत्याली दिसत्यात. पन आवाज पार पल्याडच्या डोंगरावनं आल्यागत येतोय बगा."

कुठल्याशा शिबिरात त्यांना कानाचं एक मशीन मिळालं होतं. ते नुसतं शिट्टी मारायचं. गेनूबा म्हणायचे, "कानात टिटवी पाळल्यागत झालंय." शेवटी नात स्नेहल त्यांना पुण्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. ही दिवाळीतली गोष्ट. डॉक्टर म्हणाले, डावा कान गेला. उजव्यात थोडं आहे. चांगलं मशीन उन्हाळ्याच्या आत बसवलंत तर त्याच्या आधारानं ते टिकेल. उशीर केलात तर मशीनलाही धरायला काही उरणार नाही. आणि चांगलं मशीन म्हणजे दोन म्हशींची किंमत. म्हशी विकल्या तर खायचं काय?

आता दुसरा धागा सांगतो, म्हणजे गाठ कुठं पडली ते कळेल.

तुमच्यापैकी जे जुने आहेत त्यांना आठवत असेल, पूर्वी टीव्हीवर गुरुवारी संध्याकाळी एक खेळ लागायचा, 'तिघांत खरा कोण?' तीन माणसं ओळीनं बसायची. तिघंही एकच नाव, एकच धंदा सांगायची. म्हणजे तिघंही म्हणणार, मी अमुक अमुक, लोहार. त्यांतला एकच खरा. समोरची शहाणी मंडळी त्यांना प्रश्न विचारायची, आणि सगळं झाल्यावर, अगदी शेवटी, हातातली पाटी वर करायची. मग खरा कोण तो उठून उभा राहायचा. जिंकणाऱ्याला स्टीलचा पाण्याचा फिल्टर. त्या वेळी पासलीत ग्रामपंचायतीचा एकच टीव्ही. गेनूबा दूध घालून तिथं थांबायचे, आणि पाट्या वर व्हायच्या आधीच मागून ओरडायचे, "दोन नंबर!" बरोबरच निघायचं. एकदा कुणी विचारलं, कसं ओळखता हो? तर म्हणाले, "म्हने लोहार, आन् मनगटाव केस! ठिनग्यांत केस ऱ्हात्यात व्हय?"

तर तो खेळ पुन्हा सुरू करायचं एका पोरानं मनावर घेतलं. शिवऱ्याचा इंद्रजित. त्याच्या वडिलांचं हायवेला चहा-मिसळीचं हॉटेल आहे. पोरगा मुंबईत वाहिन्यांमधे दहा वर्षं राबून आलेला, हुशार, बोलका. आमच्याच भागात, आमच्याच माणसांना घेऊन खेळ करायचा म्हणून आला होता. स्टेजचे पडदे शिवून घ्यायला माझ्या दुकानात आला आणि तिथंच उकिडवा बसून सगळं सांगत राहिला.

"काका, जुना खेळ तसाच आणला ना, तर पोरं अंगठ्यानं वर सारतील. आता बघा, मी काय बदल केलेत. प्रश्न बंद. तिघांनी ते काम करूनच दाखवायचं, प्रत्येकी तीन मिनिटं. ओळखणारा गावातला एकच माणूस. त्याच्यापुढं पितळी घंटा. खोटा वाटला की घंटा वाजवायची, की खोट्याच्या पायाखालची फळी उघडली! धपकन खाली, भाताच्या पेंढ्यात. लागत नाही काही. पण घंटा काम चालू असतानाच वाजली पाहिजे. खोट्यानं तीन मिनिटं पूर्ण केली की खेळ त्याचा. आणि सगळं थेट, मोबाईलवर. मागाहून कापाकापी नाही, दुसऱ्यांदा घेणं नाही."

"आन् जिंकला तर?"

"त्याला गरजेची असलेली एक वस्तू. फिल्टर-बिल्टर नाही. तो मागेल ती."

माझ्या डोक्यात लगेच गेनूबा आले. पण ही पोरं आपल्या पुढं असतात. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानात स्नेहल कामाला असते, तिनं आजोबांचा फॉर्म आधीच भरला होता. एका रकान्यात विचारलं होतं, ऐकू येण्यास अडचण आहे का? तिनं 'नाही' लिहिलं. आणि हवी असलेली वस्तू, कानाचं मशीन, ते पत्नी बयाबाई यांच्यासाठी असं लिहिलं. बयाबाईंचे कान असे की गोठ्यात वासरानं कूस बदलली तरी त्या घरात जाग्या होतात. मला हे स्नेहलनं सांगितलं तेव्हा हसू आलं आणि भीतीही वाटली.

"काका, कुणाला बोलू नका. आजा बघून ओळखतो, त्याला ऐकायला कशाला लागतंय?"

मी बोललो नाही. ते खोटं मीही पदरात घेतलं.

आता आमची चूक ऐका. इंद्रजितनं तीन कामं निवडली होती. भाकरी, बुरूडकाम आणि तिसरं कीर्तन. मी कात्री खाली ठेवली.

"कीर्तन हे काम न्हाई, बाबा."

"काका, खेळ आहे हो. नूतनताई खऱ्या कीर्तनकार आहेत, भोरकडच्या. त्या स्वतः तयार झाल्यात. बाकीच्या दोघी पुण्याच्या नट्या, पंधरा दिवस शिकून आल्यात. मागं साथीला तुम्ही मंडळी हवीत."

आमचे विणेकरी चिमाजीअण्णा तिथं बसले होते. त्यांनी विचारलं, "वीणा कुठली?" तर त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. डेकोरेशनवाल्याकडची प्लॅस्टिकची वीणा, तारांच्या जागी सुतळी. अण्णांचा चेहरा उतरला. आणि मी, मीच हो, म्हणालो, "सोंग करायचंच तर नीट करा. देवळातली वीणा आणू. खाली पांढरं धोतर अंथरा. तसबीर, समई, बुक्का, सगळं रीतीनं. त्याशिवाय आम्ही टाळ उचलणार नाही."

इंद्रजित खूश झाला. "मग तर एकदम अस्सल दिसेल!"

आम्हीही खूश. देवाचा मान राखला म्हणून. काय करून बसलो ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तुम्हाला आमच्याकडची रीत सांगायला हवी. कीर्तनाला जो उभा राहील तो त्या वेळी माणूस नसतो. दहा वर्षांचं पोरगं उभं राहिलं तरी त्याचा आजा त्याच्या पाया पडतो. आणि एकदा का कीर्तन उभं राहिलं की त्यात कुणी आडवं जात नाही. मागं एकदा वेल्ह्यात एक बुवा आले होते. दोन तास स्वतःच्या गाडीचं आणि बंगल्याचं सांगत होते. एक माणूस उठला नाही. मान खाली घालून सगळे बसून राहिले, पुढच्या साली बोलावलं नाही, एवढंच. विणेकऱ्यानंही एकदा वीणा गळ्यात घातली की कीर्तन पुरं होईतो ती खाली ठेवायची नाही.

माघातला दिवस होता. गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात स्टेज बांधलेलं, एका कोपऱ्यात ती प्लॅस्टिकची वीणा टाकून दिलेली. बाहेर पाहिलं तर तोरण्याच्या माथ्यावर ऊन होतं आणि आत दिव्यांचा असा झगझगाट की डोळे मिटावेत. चारशे माणसं तरी असतील. पहिला खेळ भाकरीचा झाला. ओळखायला बसलेल्या बाईंनी दोन्ही खोट्यांना पटापट पाडलं. एकीनं तर थापताना उलथनं घेतलं होतं. धपकन आवाज आला की लोक हसून लोळायचे. गेनूबाही तोंडाला पटका लावून हसत होते. म्हणाले, "झ्याक खेळ हाय. पयल्यापरास बरा."

बुरूडकामही झालं, मग त्यांची पाळी आली.

सूत्रसंचालन करायला शेफाली नावाची मुलगी होती, चुणचुणीत. स्नेहलनं गेनूबांना आदल्या दिवशीच पढवून ठेवलं होतं, पहिलं गाव विचारतील, मग म्हशी, मग भीती वाटते का ते. पण शेफालीनं पहिल्यांदाच विचारलं, "काय गेनूबा, भीती वाटतेय का?"

"पासलीच्या वर, धनगरवस्तीवर," गेनूबा म्हणाले.

लोक हसले. शेफालीही हसली, पण तिची नजर क्षणभर त्यांच्या तोंडावर थांबली. कॅमेऱ्यामागं स्नेहलनं ओढणीचं टोक दातांत धरलं होतं.

"आणि जिंकलात तर मशीन कुणाला देणार?"

"अकरा."

या वेळी हसणं जरा कमी झालं. इंद्रजित कानाला लावलेलं बोलण्याचं यंत्र दाबत पुढं सरकला. मला वाटलं, आता बाद करतात. पण गेनूबांना समोरच्यांच्या तोंडावरून काहीतरी चुकल्याचं कळलं असावं. ते आपणहून म्हणाले, "पोरी, म्हातारा मानूस हाय मी. तू इचारशील ते न्हाई सांगायचो, मला सुचंल ते सांगीन. तुझी घंटा कुठं हाय ती दाव."

सगळा मांडव हसला आणि टाळ्या पडल्या. शेफालीनंही हसून त्यांना खुर्चीकडं नेलं. स्टेजच्या एका अंगाला उंच बैठक, समोर पितळी घंटा, तिचा दोर हाताशी. समोरच्या भिंतीवर लाल आकड्यांचं घड्याळ.

आम्हाला इंद्रजितनं दहादा बजावलं होतं, "काका, तुम्हालाही कोण खरी ते माहीत नाही, ते बरंय. पण मधे कळलं तरी खूण करायची नाही. भुवई हलली तरी खेळ बाद."

एक नंबर आली. पांढरं नऊवारी, कपाळाला बुक्का, गळ्यात टाळ. चाल देखणी. "मी नूतन, मी कीर्तन करते," असं सांगून धोतरावर उभी राहिली. चिमाजीअण्णांनी तिला हार घातला आणि ते तिच्या पायाशी वाकले. तिनं हात वर करून आशीर्वाद दिला.

ठण्ण!

फळी उघडली, बाई पेंढ्यात. अजून तिनं तोंड उघडलं नव्हतं. घड्याळात चारच सेकंद गेले होते.

मांडव थक्क. शेफालीनं पाकीट उघडून सांगितलं, "एक नंबर खोटी! बरोबर!" गेनूबा शांतपणे म्हणाले, "इनेकरी पाया पडला तर त्येच्या उलट पाया पडत्यात. आशीर्वाद कोन देतंय? तिथं उभं ऱ्हानारा सगळ्यांत ल्हान असतो." मी अण्णांकडं पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खाली पेंढ्यातून ती नटी केसांतल्या काड्या काढत हसत वर आली.

आता राहिल्या दोघी. त्यांतली एक खरी. दोन नंबर खोटी असली तर तिला पाडलं की काम झालं. खरी असली तर हात लावायचा नाही, आणि तीन नंबरला पाडायचं. कान आता एका घंटेच्या अंतरावर आला होता म्हणा ना.

दोन नंबर आली. ही साधी होती. धोतराला आधी हात लावून कपाळाला लावला, अण्णांनी हार घातल्यावर त्यांच्या पायांशी वाकली, आमच्यापुढंही वाकली. आम्हीही वाकलो. तिनं टाळ घेतले, डोळे मिटले आणि विठ्ठलनाम सुरू केलं.

आवाज काय सांगू तुम्हाला! गोड, भरलेला. मृदंगावर थाप पडली, आम्ही नाम उचललं, आणि समोरची चारशे माणसं, खेळ बघायला आलेली, त्यांनी टाळी धरली. मांडवाचं कीर्तन झालं. बायकांनी डोक्यावर पदर घेतले. मागं एक म्हातारी उभी राहून डोलायला लागली. लोकांचं ठरलंच, हीच खरी.

घड्याळात दोन मिनिटं उरली. तिनं अभंगाला हात घातला. पहिलं चरण म्हटलं, आणि माझा टाळ अडखळला.

कसं सांगू? जो खरा कीर्तन करतो, तो ओळ स्वतःपाशी ठेवत नाही. ओळ संपता संपता तो मागं झुकतो, अर्धी ओळ आमच्या हातात देतो, आम्ही ती पुढं नेतो, मग तो पुन्हा घेतो. देणं-घेणं असतं ते. ही बाई ओळ पुरी करून थांबत होती. आम्हाला कळेना कधी उचलायची. मी शेजारच्याकडं बघितलं, त्यानं अण्णांकडं बघितलं. समोर कुणालाच काही उमगलं नाही, गाणं इतकं गोड होतं.

पण आम्ही एकमेकांकडं बघतोय हे गेनूबांनी बघितलं.

ते तिच्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर आमच्यावर होती. माझी आणि त्यांची दृष्टादृष्ट झाली. मी झटकन मान खाली घातली. भुवई हलू दिली नाही. पण मला कळलं, त्यांना कळलंय. त्यांच्या तोंडावर ते ओळखीचं हसू आलं होतं, 'दोन नंबर' म्हणतानाचं.

त्यांनी हात पुढं केला. दोर धरला.

एक मिनिट दहा सेकंद.

वाजवा, गेनूबा. मी टाळ वाजवत होतो, तोंडानं नाम घेत होतो, आणि मनात फक्त एवढंच, वाजवा. दोन म्हशींचं मशीन. उन्हाळ्याच्या आत. मृदंगासमोरची जागा. ओढा दोर.

एक मिनिट.

दोर त्यांच्या मुठीत होता. मूठ पांढरी पडली होती. ते आता आमच्याकडं बघत नव्हते. अण्णांच्या गळ्यातल्या वीणेकडं बघत होते. मग समईकडं. मग टाळी धरलेल्या माणसांकडं, त्या डोलणाऱ्या म्हातारीकडं. ओठ हलत होते. लोकांच्या ओठांवरून त्यांना कळलं होतं काय चाललंय, आणि ते आपलंही नाम त्यात मिळवत होते.

चाळीस सेकंद. कॅमेऱ्यामागं स्नेहल दोन्ही हातांनी हवेत दोर ओढल्यासारखं करत होती. तिला काय माहीत खरी की खोटी? पण आजोबांचा हात दोरावर बघून तिला समजलं असावं. इंद्रजितनं तिचा दंड धरून तिला मागं ओढलं.

वीस. कुठूनतरी ढोलाचा आवाज सोडला त्यांनी, शेवटच्या सेकंदांसाठी ठेवलेला. तो मृदंगाच्या ठेक्यात शिरला. बाईचा सूर जरा हलला, तिनं पुन्हा सावरला.

दहा.

गेनूबांनी मूठ उघडली. दोर सोडला. आणि दोन्ही हात छातीशी जोडले.

भोंगा वाजला.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, खरी ओळखली म्हातार्‍यानं! कुणीतरी शिट्टी मारली. मी तसाच उभा. शेफालीनं पाकीट फोडलं, वाचलं आणि तिचा आवाज उतरला.

"दोन नंबर… नूतन नाहीत."

एवढी माणसं, पण समईची वात चुरचुरलेली ऐकू आली. ती नटी रडायलाच लागली. म्हणाली, "मी सारखी पायाखालची फळी बघत होते हो. आता पडेन, आता पडेन."

स्नेहल धावत स्टेजवर आली. कॅमेरे चालू होते, सगळं थेट जात होतं, तिला भान नव्हतं. आजोबांच्या उजव्या कानाला तोंड लावून ती ओरडली, "आजा! खोटी होती ती! खोटी!"

तेव्हा सगळ्यांना कळलं, म्हातार्‍याला ऐकू येत नाही.

"ठावं हाय की," गेनूबा म्हणाले. "धा-पाच टाळांतच कळलं."

इंद्रजित कानातलं यंत्र उपसून पुढं आला. घाबरला की त्याची शिवऱ्याची बोली बाहेर पडायची. "आवो मंग वाजवली का न्हाई, गेनूबा? दोर तर हातात व्हता तुमच्या!"

"कीर्तन चालू व्हतं नव्हं."

"आवो, खोटं व्हतं ते कीर्तन!"

"बाई खोटी आसंल. ह्यी मानसं खोटी व्हती का? ती म्हातारी उभी ऱ्हायली, ती काय तुझ्या पैशानं? त्यांच्या तोंडचं नाव तोडून तिला खड्ड्यात टाकू?" मग त्यांना इंद्रजितची कीव आली असावी. त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजूत घातल्यासारखे म्हणाले, "तुझी ती पलाष्टिकची वीणा आसती ना लेकरा, तर धा बाया पाडल्या आसत्या म्या. पन हितं खरी वीणा उभी हाय. समई हाय. मी काय करू, तूच सांग."

हे ते सहज बोलले. माझ्याकडं बघितलंही नाही. पण माझ्या पायाखालची फळी गेली. वीणा कुणी आणायला लावली होती? मी. समई कुणी मागितली? मी. सोंग नीट करा म्हणून हट्ट कुणी धरला? देवाचा मान राखायला निघालो होतो, आणि त्या माणसाचा कान घालवून बसलो. जुना खेळ असता तर काही अडलं नसतं. सगळं झाल्यावर, शेवटी, पाटी वर करायची होती.

इंद्रजितनं हातातलं यंत्र खिशात टाकलं. बदलायला आता जागा नव्हती, त्याच्या नियमानं खेळ संपला होता. मोबाईलवरचं प्रक्षेपणही तेवढ्यात संपलं. दिवेवाली पोरं वायरी गुंडाळायला लागली.

तेव्हा पडद्यामागून तीन नंबर बाहेर आली. नूतनताई. बारीक अंगाची, पंचविशीची पोर. "खेळ संपला, ताई," शेफाली म्हणाली.

"खेळ संपला असेल," ती म्हणाली, "पण वीणा गळ्यात आहे अण्णांच्या. असं अर्ध्यावर कसं सोडायचं?"

ती धोतरावर उभी राहिली. त्या रडणाऱ्या नटीला तिनं हाताला धरून आमच्याजवळ टाळकऱ्यांत उभं केलं, आणि जिथं ओळ राहिली होती तिथून उचलली. पहिलीच ओळ तिनं अर्धी करून मागं दिली. आम्ही घेतली. एकेक दिवा विझत गेला, समईच तेवढी राहिली. चारशे माणसांतलं एक उठलं नाही. इंद्रजित वायरींच्या पेटीवर बसला होता, हातात तोंड धरून, मग कधीतरी तोही टाळी वाजवायला लागला. गेनूबा बैठकीवरून उतरून मृदंगासमोर येऊन बसले, उजवा कान पुढं काढून. तास-सव्वा तास ती पोर बोलली, गायली. गेनूबांना त्यातलं किती पोचलं, देव जाणे. मी काही विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार?

घरी जाताना स्नेहल आजोबांशी बोलली नाही. महिनाभर बोलली नाही म्हणे. दुकानात माझ्याकडंही बघायची नाही. तिचं काय चुकलं? पोरीनं खोटं लिहिलं ते आजाला कीर्तन ऐकू यावं म्हणून, आणि आजानं मशीन घालवलं तेही कीर्तनापायी. दोघांतलं कुणाला बोल लावायचा?

आम्ही अगदीच गप्प बसलो असं नाही. वर्गणी काढायचं ठरलं. पण तुम्हाला माहीत आहे, ठरवणं आणि होणं यांत आमच्याकडं किती दिवस जातात. आधी यात्रा आली, मग लग्नसराई, मग काजवे बघायला येणाऱ्यांची गर्दी. गेनूबांना घेऊन पुण्याला गेलो तो ज्येष्ठ उजाडला होता. डॉक्टरांनी तपासलं, बराच वेळ तपासलं, आणि उशीर झाला म्हणून मान हलवली.

इंद्रजितचा खेळ चालू आहे, चांगला चालतो. लोहार, कुंभार, गवंडी पडतात पेंढ्यात, लोक हसतात. कीर्तन त्यानं काढून टाकलं.

गेनूबा अजून येतात. परवा निगड्याच्या बाजूला कीर्तन होतं, तिथं दिसले. सगळे हसले की जरा उशिरानं हसतात. सगळे हात जोडतात तेव्हा जोडतात. कीर्तन सुटल्यावर मी पाया पडलो, तर माझ्या उलट पाया पडले आणि म्हणाले, "आज लई चांगलं झालं, न्हाई?" मी मान डोलावली. चांगलं झालं होतं, ते खरंच.

आता मला एवढंच मागायचंय. कुठं कीर्तनाला बसाल, आणि कंटाळा येईल, खिशातला मोबाईल थरथरेल, उठावंसं वाटेल, तेव्हा अर्धा क्षण पासलीच्या वरच्या वस्तीवरच्या गेनू धनगराची आठवण काढा. त्यांच्यासाठी काही मागू नका देवाकडं. त्यांना आवडायचं नाही. नुसतं नाव घ्या, आणि पुढची ओळ त्यांच्या वाट्याची म्हणून नीट ऐका.